टॉवेलाशेजारची चिठ्ठी : पंचतारांकित पर्यावरणभाषेचे वाचन

पंचतारांकित हॉटेलच्या न्हाणीघरात टॉवेलाशेजारी एक छोटी चिठ्ठी ठेवलेली असते. टॉवेल पुन्हा वापरायचा असेल तर दांडीवर ठेवा, बदलून हवा असेल तर खाली टाका, आणि पृथ्वी वाचवायला हातभार लावा, असा तिचा आशय. कागद जाडसर, बहुधा पुनर्वापर केलेला. कोपऱ्यात एखादे पान किंवा थेंब. पर्यावरणाविषयीच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा ही चिठ्ठी अधिक लोकांच्या हाती पडत असेल. तरीही मजकूर म्हणून तिची चिकित्सा मराठीत झालेली माझ्या वाचनात नाही. साहित्याच्या वाचकाने हे काम अंगावर घ्यायला हरकत नसावी, कारण प्रश्न शेवटी भाषेचाच आहे : कोण बोलते, कोणाला सांगते, आणि काय सांगायचे टाळते?

या लेखात मी ती चिठ्ठी, हॉटेल कंपन्यांचे वार्षिक पर्यावरण अहवाल आणि मानांकनांची परिभाषा यांचा एकत्र विचार करणार आहे. माझे म्हणणे असे की, आलिशान हॉटेलांनी पर्यावरणावरचा आपला भार कमी करण्यासाठी केलेले काम सगळेच खोटे नाही. त्यातले काही अतिशय चांगले आहे. मात्र जिथे खरे काम होते तिथे ही भाषा बोट दाखवत नाही, आणि जिथे बोट दाखवते तिथे काम थोडेच असते. हा विसंवाद अपघाती आहे असे मला वाटत नाही.

चिठ्ठीचा पूर्वेतिहास

‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द, ज्याला आपण ‘हिरवा मुलामा’ म्हणू, या चिठ्ठीतूनच जन्माला आला. अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड १९८३ साली फिजी बेटांवर होते. तिथल्या एका रिसॉर्टमध्ये त्यांनी टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती वाचली. समुद्राचे आणि प्रवाळांचे रक्षण करा, असा तिचा सूर होता. त्याच वेळी ते रिसॉर्ट स्वतःचा विस्तार करत होते. १९८६ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी या विसंगतीसाठी हा शब्द योजला. आज तो तेल कंपन्यांपासून कपड्यांच्या दुकानांपर्यंत सगळ्यांना लावला जातो. त्याचे माहेर मात्र हॉटेलचे न्हाणीघर आहे.

पुढे समाजमानसशास्त्राने याच चिठ्ठीवर प्रयोग केले. नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादस ग्रिस्केविशियस यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला निबंध त्यांत सर्वाधिक गाजला. एका अमेरिकी हॉटेलात त्यांनी वेगवेगळ्या शब्दांतल्या चिठ्ठ्या ठेवल्या. ‘पर्यावरण वाचवा’ एवढेच म्हणणाऱ्या चिठ्ठीला सुमारे ३५ टक्के प्रतिसाद मिळाला. ‘इथले बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे सांगणाऱ्या चिठ्ठीला सुमारे ४४ टक्के. दुसऱ्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या बहुसंख्य पाहुण्यांनी’ असे शब्द घातले, तेव्हा प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. वास्तविक याच खोलीत पूर्वी कोण राहिले याच्याशी आपला काय संबंध? पण माणूस त्या अनोळखी पूर्वसूरींचे अनुकरण करतो. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील प्रयोगांत मात्र ‘इतर पाहुणेही’ हे शब्द साध्या विनंतीपेक्षा सरस ठरले नाहीत. तिथे टॉवेल पुन्हा वापरणाऱ्यांचे प्रमाण मुळातच मोठे होते.

या प्रयोगांतून मी दोन गोष्टी घेतो. एक, ही चिठ्ठी निव्वळ सूचना नाही. ती वक्तृत्व आहे, आणि शब्द बदलला की परिणाम बदलतो. दोन, प्रयोगांनी मोजले ते पाहुण्याचे आज्ञापालन. त्या आज्ञापालनाने हॉटेलच्या एकूण पाण्यात आणि विजेत किती फरक पडला, हा प्रश्न प्रयोगाच्या चौकटीबाहेर राहिला. चिठ्ठीच्या चौकटीबाहेर तर तो नेहमीच असतो.

सर्वनाम : ‘आपण’ म्हणजे कोण?

चिठ्ठीतले सर्वांत कष्ट उपसणारे सर्वनाम ‘आपण’ हे आहे. आपण मिळून पृथ्वी वाचवू. या ‘आपण’मध्ये तीन पक्ष गृहीत आहेत : पाहुणा, हॉटेल आणि पृथ्वी. पाहुण्याने सोय सोडायची, पृथ्वीने आभार मानायचे, आणि धुलाईचा वाचलेला खर्च हॉटेलच्या खात्यात जमा व्हायचा. पाहुण्यांना हे कळते. वरच्याच संशोधकांच्या २०११ च्या निबंधात असे दिसले की, ‘तुम्ही टॉवेल वापरलात तर आम्ही देणगी देऊ’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या वतीने आम्ही देणगी आधीच दिली आहे’ असे म्हटल्यास अधिक पाहुणे सहभागी होतात. हॉटेलने प्रथम स्वतः काही सोडले की पाहुणाही सोडतो. आपल्याकडे ‘आधी केले, मग सांगितले’ म्हणतात, त्यातला हा प्रकार.

पण ‘आपण’मधून एक चौथा पक्ष पूर्णपणे गळतो : खोली साफ करणारी व्यक्ती. २००९ पासून अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीने, स्टारवूडने, ‘हरित पर्याय निवडा’ अशा अर्थाची योजना चालवली. पाहुण्याने त्या दिवशीची खोलीची सफाई नाकारली तर त्याला पाच डॉलरचे कूपन किंवा साखळीचे गुण मिळत. पाणी, वीज, रसायने वाचतात, हे कारण. सफाई कामगारांच्या संघटनेने याला कडाडून विरोध केला. त्यांचे गाऱ्हाणे दुहेरी होते. सफाई नाकारली गेली की त्या दिवशीचे कामाचे तास कमी होतात. आणि तीन दिवस न झाडलेली खोली चौथ्या दिवशी साफ करायला अधिक जड जाते, तीव्र रसायने लागतात, पण वेळ तेवढाच मिळतो. २०१६ मध्ये स्टारवूड मॅरियटमध्ये विलीन झाली. २०१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या आठ शहरांत मॅरियटच्या सुमारे ७,७०० कामगारांनी संप केला, तेव्हा वेतनाबरोबर ही हरित योजनाही वादाचा मुद्दा होती.

पर्यावरणाच्या नावाने झालेली बचत आणि मजुरीतली कपात यांना वेगळे करणारी रेषा हॉटेलच्या अहवालात सापडत नाही. ती कामगाराच्या हजेरीपटावर सापडते. म्हणून कोणताही हरित उपक्रम वाचताना मी एक साधा प्रश्न विचारतो : यात कोणाचे काम कमी झाले आणि कोणाचे वाढले? महाराष्ट्रातल्या हॉटेलांतली चिठ्ठी मी इंग्रजीत वाचली आहे, क्वचित हिंदीतही. मराठीतली अद्याप पाहिलेली नाही. मराठी दिसते ती कर्मचाऱ्यांच्या मागच्या दारावरच्या सूचनाफलकावर. विनंतीची भाषा एक आणि हुकुमाची दुसरी, ही विभागणीही वाचण्याजोगी आहे.

भाजक : आकड्यांची शैली

चिठ्ठीकडून अहवालाकडे वळलो की भाषेची जागा आकडे घेतात. आकड्यांनाही शैली असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मॅरियटने न्हाणीघरातल्या शांपूच्या छोट्या बाटल्या जगभर बंद करण्याचे जाहीर केले. दरवर्षी सुमारे ५० कोटी बाटल्या वाचतील, असा आकडा पुढे आला. त्याच घोषणेत वजनही होते : १७ लाख पौंड प्लॅस्टिक, म्हणजे सुमारे पावणेआठ लाख किलो. भागाकार केला तर एका बाटलीमागे दीड ग्रॅम. निर्णय चांगलाच आहे; कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी तसा कायदा केला, आणि तो २०२३ पासून मोठ्या हॉटेलांना लागू झाला. पण लक्षात राहते ती बाटल्यांची संख्या. ५० कोटी हा शब्द जे काम करतो ते ‘दीड ग्रॅम’ करू शकत नाही. शिवाय बाटली डोळ्यांना दिसते. तळघरातले शीतयंत्र दिसत नाही.

याहून महत्त्वाचा आहे भाजक. २०१२ पासून हॉटेल उद्योगाने कार्बन मोजण्याची एक सामाईक पद्धत स्वीकारली आहे; तिचे मुख्य एकक म्हणजे एका वापरलेल्या खोलीची एक रात्र. तुलना करायला हे एकक सोयीचे आहे. पण उदाहरणादाखल असे समजा की, एखाद्या साखळीने दर खोलीमागचे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटवले आणि त्याच काळात खोल्या ५० टक्क्यांनी वाढवल्या. पूर्वीचे एकूण उत्सर्जन १०० धरले तर आता ते १२० होते. अहवालात मात्र २० टक्के घट छापली जाते, आणि ती खरीही असते. वातावरणाला भागाकार कळत नाही. त्याला बेरीज कळते. खुद्द उद्योगाच्याच एका आंतरराष्ट्रीय भागीदारी मंडळाने २०१७ मध्ये हिशेब मांडला होता की, अपेक्षित विस्तार धरला तर तापमानवाढीच्या मर्यादेत राहण्यासाठी दर खोलीमागचे उत्सर्जन २०३० पर्यंत ६६ टक्के आणि २०५० पर्यंत ९० टक्के कमी व्हायला हवे. म्हणजे ‘२० टक्के घट’ हे वाक्य पूर्णविरामाने संपत नाही.

या भाजकातून आणखी एक गोष्ट कळते. हॉटेल निम्मे रिकामे असले की दर खोलीमागचा आकडा वाढतो. का? कारण पाहुणा नसला तरी लॉबी थंड राहते, तलावाचे पाणी फिरत राहते, मार्गिकांतले दिवे जळतात, स्वयंपाकघरातले शीतकोठार चालू असते. पंचतारांकित हॉटेलचा मोठा भार पाहुण्याच्या वागण्याचा नसून वास्तूच्या सज्जतेचा आहे. कोणत्याही क्षणी कोणीही आले तरी सगळे तयार असावे, हीच तर चैनीची व्याख्या. थोर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली ‘विलासी वर्गा’विषयी लिहिताना दाखवून दिले होते की, प्रतिष्ठा उपभोगात जितकी असते तितकीच दिसेल अशा उधळपट्टीतही असते. रिकामी, थंडगार, उंच छताची लॉबी हे त्याचे आजचे रूप.

म्हणून खरे काम कुठे होते हे पाहायचे तर तळघरात उतरायला हवे. मध्यवर्ती शीतयंत्र इमारतीतली उष्णता बाहेर फेकत असते, आणि त्याच वेळी शेजारचा बॉयलर इंधन जाळून आंघोळीचे पाणी तापवत असतो. ही वाया जाणारी उष्णता पाण्याकडे वळवली की दोन्हीकडे बचत होते. सांडपाणी शुद्ध करून ते शौचालयाच्या टाक्यांना, बागेला आणि शीतमनोऱ्यांना देता येते. पण त्यासाठी नळांची दुहेरी जोडणी इमारत उभी राहतानाच घालावी लागते. भिंत किती उष्णता आत घेते, काच कोणत्या दिशेला आहे, हेही तेव्हाच ठरते. हॉटेल पृथ्वीवर किती भार टाकणार याचा मोठा निर्णय पहिला पाहुणा येण्यापूर्वीच झालेला असतो. टॉवेलाची चिठ्ठी त्यानंतर येते.

कुंपण : हिशेब कुठे थांबतो?

प्रत्येक अहवालाला एक अदृश्य कुंपण असते. त्याच्या आतले मोजायचे, बाहेरचे नाही. पाहुणा विमानाने येतो ते बाहेर. मॅनफ्रेड लेन्झेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जागतिक हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के असल्याचे दाखवले, तो प्रवास, खाणे, खरेदी असे सारे धरून. मालदीवच्या एखाद्या बेटावरचे रिसॉर्ट काचेच्या बाटल्यांत स्वतःचे पाणी भरते, सौरऊर्जा वापरते, कचऱ्यातून खत करते. हे सगळे मोलाचे आहे. तिथवर पोचायला मात्र आधी विमान आणि मग जलविमान लागते.

कुंपणाबाहेर शेजारीही असतात. २०१२ मध्ये ‘टुरिझम कन्सर्न’ या ब्रिटिश संस्थेने पाण्याच्या न्याय्य वाटपाविषयी एक अहवाल काढला. त्यातला झांझिबारचा आकडा विसरता येत नाही : गावातल्या एका घराला दिवसाला सरासरी ९३ लिटर पाणी, आणि पंचतारांकित हॉटेलच्या एका खोलीला ३,१९५ लिटरपर्यंत. त्याच अहवालात गोव्याचाही अभ्यास होता. अशा ठिकाणी हॉटेलने आपले पाणी २० टक्के वाचवले हे वाक्य खरे असूनही अपुरे ठरते; कारण प्रश्न किती वाचवले एवढाच नसून कोणाच्या विहिरीतून घेतले, हाही आहे.

गोव्यात हा कुंपणाचा प्रश्न शब्दशः न्यायालयात गेला. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल आहे. मूळ वास्तू चार्ल्स कोरिया यांची. हवा, सावली आणि उघडे आकाश यांचा विचार करणारे ते वास्तुकार. वाद त्यांच्या रचनेविषयी नव्हता. तो हॉटेलच्या वाढीव बांधकामाविषयी आणि त्यामुळे अडलेल्या, किनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांच्या वाटेविषयी होता. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा बांधकाम हटवण्याचा आदेश कायम ठेवला आणि ‘सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व’ मांडले : किनारा, पाणी, हवा यांचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून त्या बांधकामाला संरक्षण देण्याचा मार्ग काढला. पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध ‘जागृत गोंयकारांची फौज’ १९८७ पासून जे बोलत होती, त्याचा गाभाही हाच होता. वाळूवर चालण्याचा हक्क कोणत्याही पर्यावरण मानांकनाच्या तक्त्यात बसत नाही. तो बसत नाही म्हणून महत्त्वाचा नाही, असे थोडेच?

मराठी मुलखातले एक उदाहरण

इथवरचे विवेचन संशयाचे झाले. आता एक उलट बाजूचे उदाहरण घेऊ, तेही घरचे. १९९७ मध्ये विलेपार्ल्याला, देशांतर्गत विमानतळाच्या शेजारी, विठ्ठल कामत यांनी ‘द ऑर्किड’ सुरू केले. ‘इकोटेल’ हे पर्यावरणविषयक प्रमाणपत्र मिळवणारे आशियातले पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून ते ओळखले गेले. त्या वेळी भारतात या विषयाची फॅशन नव्हती. बांधकामाच्या सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रांतली राख मिसळलेली होती, भिंतींसाठी हलके, उष्णता अडवणारे ठोकळे वापरले होते, आतल्या मोकळ्या चौकात दिवसाचा उजेड उतरत होता, सांडपाण्यावर प्रक्रिया होत होती. म्हणजे पहिला पाहुणा येण्यापूर्वीचे निर्णय इथे घेतले गेले होते.

पाहुण्यासाठीही काही होते : खोलीतले एक हिरवे बटण. ते दाबले की वातानुकूलनाचे तापमान हळूहळू दोन अंशांनी वाढते. खोलीतल्या एसीचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा अंदाज आहे. हे बटण आणि टॉवेलाची चिठ्ठी यांत मला मूलभूत फरक दिसतो. बटण शीतयंत्राशी बोलते, हॉटेलच्या सर्वांत मोठ्या भाराशी पाहुण्याला जोडते, आणि त्यामुळे कोणाची पाळी बुडत नाही.

कामतांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे आत्मकथन मराठी वाचकांनी उद्योजकाची जिद्दकथा म्हणून डोक्यावर घेतले. ते वाचन योग्यच आहे. पण शीर्षकातल्या पहिल्या दोन शब्दांमधले अंतर मला अधिक सूचक वाटते. इडली ही उडप्याच्या उपाहारगृहाची वस्तू : झटपट, स्वस्त, जागा कमी, नासाडी कमी. तिथे काटकसर हा धंद्याचा प्राण असतो. तिला कोणी हरित म्हणत नाही. ऑर्किड ही चैनीची वस्तू. तिथे तीच काटकसर प्रमाणपत्रासह येते. आपल्या साहित्याने या स्थित्यंतराकडे फक्त यशाची पायरी म्हणून पाहिले.

अर्थात वेस्टरवेल्डचा प्रश्न ऑर्किडलाही विचारता येतो : विमानतळाशेजारचे हॉटेल कितपत हरित? तीच गोष्ट पुढच्या टप्प्याची. आयटीसीने ‘जबाबदार चैन’ हे ब्रीद घेतले. तिच्या बंगळुरूच्या विंडसर हॉटेलला २०२२ मध्ये ‘लीड झिरो कार्बन’ मानांकन मिळाले, आणि असे मानांकन मिळवणारे ते जगातले पहिले हॉटेल ठरले. पवनऊर्जेवर भर देऊन मिळवलेली ही गोष्ट गंभीर आहे आणि तिला मुलामा म्हणणे अन्याय होईल. पण ‘जबाबदार चैन’ या जोडशब्दात विशेषण बदलले, नाम तसेच राहिले. चैन किती, हा प्रश्न विचारायचा नसतो; ती कशी, एवढाच विचारायचा असतो.

समारोप

दोष फक्त हॉटेलांचा नाही. पर्यटन मंत्रालयाच्या तारांकनाच्या नियमांत सांडपाणी प्रक्रिया आणि पर्जन्यजल संधारण यांच्या अटी आहेत. त्याच नियमांत पंचतारांकितासाठी संपूर्ण वातानुकूलन आणि, डोंगराळ भाग वगळता, पोहण्याचा तलावही अपेक्षित आहे. एका हाताने तहान लावायची आणि दुसऱ्या हाताने पाणी जपून प्यायला सांगायचे, असा हा प्रकार. जोवर तारा भपक्याच्या मिळतात तोवर काटकसर चिठ्ठीवरच राहणार.

भाषेवर मात्र आता थोडा अंकुश येतो आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुराव्यावाचून मोघम ‘पर्यावरणस्नेही’ म्हणण्याला युरोपीय संघाची मनाई २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार, असे ठरले आहे. आपल्याकडे सेबीने सर्वांत मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना पाणी, वीज आणि कचरा यांचे एकूण आकडे जाहीर करायला लावले आहेत. जिज्ञासू वाचकाला ते पाहता येतात, आणि चिठ्ठीशी ताडून घेता येतात.

‘सस्टेनेबल’साठी आपण ‘शाश्वत’ हा शब्द घेतला, हे मला नेहमी खटकत आले आहे. संतपरंपरेने शाश्वताची ओढ सांगितली ती अशाश्वताचे भान देण्यासाठी. दोन रात्रींच्या मुक्कामाला शाश्वत म्हटले की ते भान उलटे होते. सगळे असेच चालू राहील, अशी ग्वाही मिळते. ‘पुरवून वापरणे’ हा आपला जुना, घरगुती वाक्प्रयोग अधिक प्रामाणिक आहे. त्यात वस्तू मर्यादित असल्याची जाणीव आहे, आणि आपल्यानंतर कोणी तरी ती वापरणार आहे याचीही. खोलीत येणाऱ्या पुढच्या पाहुण्याइतकीच ती कुंपणापलीकडच्या विहिरीवर उभ्या असलेल्या बाईलाही लागू पडते. चिठ्ठीतल्या ‘आपण’मध्ये तिचा समावेश झाला की नाही, यावरून मी हॉटेलचे पर्यावरण जोखतो, टॉवेल दांडीवर आहे की जमिनीवर, यावरून नव्हे.